बाबांचा नांगर

मंगळवार, संध्याकाळ

मी टाकलेल्या जुन्या गेमच्या व्हिडिओत वाजणाऱ्या गाण्यावर एका म्युझिक कंपनीने हक्क सांगितलाय. म्हणे, त्या भागाचा आवाज बंद करा, नाहीतर व्हिडिओ काढू. कमाई तर थांबलीच, तिचं काही नाही. पण गाण्याखाली बाबा आहेत. मी गेममध्ये बोट किनाऱ्याला लावतोय आणि ते शेजारून ओरडतायत, "मेल्या, नांगर टाकलास काय?" जन्मभर तांडेल, मासेमारीची बोट हाकलेली, त्यामुळे गेममधली बोटही त्यांना खरीच. लोक त्या नांगरासाठीच बघायचे. मूळ रेकॉर्डिंग मीच पुसलं, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून. का पुसलं? तेव्हा बाबा होते ना.

हरकतीच्या अर्जात विचारलं होतं, यात तुमचं स्वतःचं काय आहे? मी लिहिलं, बाबा.

आज उत्तर आलं. मालकीचा पुरावा जोडा.