दोन कडव्यांची भजी

४ जुलै, शुक्र. कांदेनवमी.
परवा एकादशी. तिथून चंपाषष्ठीपर्यंत घरात कांदा नाही. सुधाचा नेम, लग्नाआधीपासूनचा. म्हणून आज कांदाभजी. यंदा कढईपुढे मी. मे महिन्यातल्या तापानं तिला पार गाळून टाकलं, उभी राहिली की पाय थरथरतात. वास-चवही गेली होती. 'आली हो परत' म्हणते. देवाची कृपा.
ती बाहेर खुर्चीवर, मी आत. "पाणी एकदम ओतू नका पिठात! कांद्याला मीठ चोळून ठेवा आधी, तोच सोडतो पाणी."
बहात्तराव्या वर्षी शाळेत नाव घातलं.
पहिला घाणा काळा. दुसरा कच्चा. तिसरा बरा. शेजारच्या गंगक्कानं खिडकीतून डोकावून विचारलं, "अण्णा, अडगी माडाक हत्तीरेन्री?" स्वयंपाकाला लागलो, होय बाई. हसू दे.
सुधानं चार खाल्ली. "छान."

१३ जुलै, रवि.
सकाळपासून बारीक पाऊस. मागच्या पायरीवरच्या कुंडीतली ओव्याची पानं. जाड, लवदार. पुसून घ्यायची, नाहीतर तेल अंगावर येतं (आलं).
आज एक शोध लागला. पानं सोडली आणि नकळत चौथीतली पावसाची कविता तोंडात आली. बाई चालीवर म्हणून घ्यायच्या, बाकावर ताल धरून. दोन कडवी झाली, उलटलं. एक कडवं, काढलं. अगदी सोनेरी! सगळी नोकरी कन्नडात गेली, मराठी उरली ती घरापुरती आणि या कवितांपुरती. साठ वर्षांनी कामाला आली. कुठे असाल तिथे, बाई, नमस्कार.
बाहेरून: "ओळ गाळलीत मधली. कच्ची राहतील."
"तुला कुठून पाठ?"
"चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय. पाठ न होऊन सांगते कुणाला?"

२७ जुलै, रवि.
गंगक्काच्या भावाचं शेत कलघटगीला. तिथली घोसावळी आली, कोवळी. चकत्या पातळ कापल्या, पीठ बेताचं. दिसायला आजवरची उत्तम, मी अजून चाखली नव्हती. सुधानं पाच खाल्ली. "छान झालीत हो." मी हवेत.
उरलेली ताटलीत घालून गंगक्काकडे. तिनं एक तोंडात घातलं, थांबली, माझ्याकडे पाहिलं. "अण्णा... उप्पु?"
मीठ. मीठच घातलं नव्हतं.
परत येताना पायरीवर थांबलो जरा.
पाच खाल्ली. छान म्हणाली.

२८ जुलै, सोम.
म्हणजे चव आलेलीच नाही. अडीच महिने लपवतेय. का? मी हिरमुसेन म्हणून? तळणं सोडून देईन म्हणून? विचारलं तर तिचं एवढंसं लपवणंही काढून घेतल्यासारखं होईल. नाही विचारत.
हिचं नाक! नैवेद्याचं चाखायचं नाही, म्हणून भिजवलेल्या पिठाचा नुसता वास घेऊन सांगायची, 'अर्धा चमचा घाला अजून.' मी आणलेली भाजी पिशवीतून काढायच्या आधी: 'ही मेथी कालची आहे, फसलात.' तेव्हा राग यायचा. कधी कधी तर दोन दोन दिवस अबोला.
आता कळतं. मला तिचं 'छान' नको. पाहुणे म्हणतात छान. मला तिचं 'मीठ कमी' हवंय, तोंड वाकडं करून म्हटलेलं. एकदा म्हटलं की झालं.
इथे लिहून ठेवतो. बोलायचं नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
काल माझ्या बीपीचं निमित्त करून डॉक्टरांना एकटाच भेटलो. चव येईलही म्हणाले. वर्ष लागेल, नाहीही. वाट पाहायची.
मग आज मायाळूची भजी, तांदळाची पिठी घालून, कडक. ती डोळे मिटून खाते हे आता लक्षात आलं. कुरकुर ऐकते. आणि बाहेर बसून माझ्या आधी तिला कळतं: "तेल गप्प झालं बघा, काढा." खरंच, भजी होत आली की कढईचा आवाज उतरतो. इतकी वर्षं तळलेलं खाल्लं, हे कधी ऐकलं नाही.
कान शाबूत आहेत तिचे. कुरकुरतं तेवढं तरी पोचतं. उपकार आहेत.

१४ सप्टें., रवि.
भोपळ्याची फुलं, गंगक्काच्या वेलावरची. "बेगा माडरी, बाडतावु," म्हणून हातावर ठेवली. कोमेजायच्या आत करायची. आतले केसर काढता काढता माझी दोन फुलं फाटली.
मागून पावलं. भिंत धरत सुधा आली. मे नंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात! "द्या इकडे. फुलं आहेत ती, मोळी सोडताय का?" स्टुलावर बसून सगळी साफ केली. एक फूल सवयीनं नाकाशी नेलं. धरून ठेवलं. मी बघतोय म्हटल्यावर खाली ठेवलं.
पुण्याहून लेकीचा फोन. "आई, बाबांची भजी खरंच खाण्यासारखी असतात?"
"कविता ऐकण्यासारखी असते," सुधा म्हणाली.
खूप हसलो तिघं. आपल्या पायांनी आत आली ती! आज आणखी काही मागत नाही.

९ नोव्हें., रवि.
कच्ची केळी आणायला सप्तापूरच्या बाजारापर्यंत चालत गेलो. परत आलो तर ही वही टेबलावर, सकाळी ठेवली तिथेच. वर सुधाचा चष्मा.
"काय वाचत होतीस?"
"पेपर."
पेपर खुर्चीवर. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
केळ्याची भजी केली. तिनं चार खाल्ली. "छान," असं मात्र आज म्हणाली नाही.

२६ नोव्हें., बुध. चंपाषष्ठी.
कांदा-वांगं आजपासून. कांदा उभा, पातळ. मीठ चोळून ठेवला. पीठ, ओवा, तिखट, चमचाभर कडकडीत तेल. नैवेद्याचं म्हणून चाखलं नाही. मीठ मोजून घातलं, दोनदा आठवून.
ती आता स्टुलावर माझ्या शेजारीच बसते. कविता दोघांनी म्हटली. ती ओळ मी गाळली, तिनं भरली.
नैवेद्य झाला. तिनं एक भजं उचललं, डोळे मिटले. चावलं. थांबली. आणि तोंड वाकडं केलं, जसंच्या तसं, तिचं जुनं.
"मीठ कमी आहे हो."
मी एक खाल्लं. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर.
"हो गं, कमीच आहे," म्हटलं आणि वरून चिमूटभर भुरभुरलं.
"आता?"
"आता बरं." आणखी एक उचललं. माझ्याकडे न बघता.
तिला काही लागलं जिभेला? परतत असेल, तर पहिल्यांदा असंच चुकतमाकत परतत असेल. का तिनं जुलैचं पान...
विचारलं नाही. यातलं काहीही असलं तरी माझ्या पदरात पडलंच आहे.
वही कपाटात ठेवणार होतो. नको. टेबलावरच असू दे, तिच्या चष्म्याजवळ.