पिवळी स्क्रीन

४ नोव्हेंबर

गेला! सकाळी बटण दाबलं, करपट वास आला आणि खेळ खलास. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, मान हलवली — "काका, याच्यावर आता खर्च करू नका." करू नका म्हणे! स्टुडिओ बंद पडल्यापासून याच कॉम्प्युटरवर लोकांचे फोटो नीट करून देतोय. आमचं पोट त्याच्यावर.

ठमीचा शाळेचा प्रोजेक्टही आतच गेला. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. रडली असती तर परवडलं असतं.

५ नोव्हेंबर

घरात दोन पक्ष. ठमीला लॅपटॉप हवा, शाळेत नेता येईल असा. मला टेबलावरचा हवा, चांगल्या स्क्रीनचा. ऐपत एकाचीच, तीही जुन्याची.

"बाबा, मला टायपिंग आणि प्रोजेक्ट, बस. स्क्रीन कसलीही चालेल." तुला चालेल गं बाई. रंग चुकला की गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फोटो फेकतं.

ही पोरीच्या बाजूने बोलणार हे ठरलेलंच. बोललीही, पण एकच वाक्य. मग ताट तसंच सरकवून आडवी झाली. लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात म्हणे. शिवाय हात सारखे खाजवत असते. तिथला नवा साबण बाधतो म्हणाली. हातमोजे घाल म्हटलं. अजून काय सांगणार?

७ नोव्हेंबर

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत दिवस घालवला. माझी स्क्रीन पारखायची रीत साधी — ओळखीचा चेहरा लावून बघायचा. गेल्या महिन्यात हिला खिडकीशी बसवून एक फोटो काढला होता. कॅमेऱ्यातच पडून होता, उघडून बघायलाही झालं नव्हतं. तोच दाखवायला कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन गेलो. इतकी वर्षं संसार केलाय. हिचा रंग मला पाठ आहे!

पहिल्या दुकानात लॅपटॉप. ठमीला आवडला असता. पण रंग पार धुऊन निघालेले, हिचं तोंड पिठात बुडवल्यासारखं. डोळे तेवढे पांढरे.

दुसरीकडे टेबलावरचा. डबा जुना पण दणकट, आणि स्क्रीन — वा! केस, स्वेटरचा निळा, हनुवटीवरचा तीळ, सगळं हुबेहूब. फक्त डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. म्हणजे स्क्रीन पिवळी पडलेली. वाटलंच होतं, स्वस्तात कोण चांगलं देतो!

दुकानदाराने कोरं पान उघडून दाखवलं. "हे घ्या. पांढरं आहे की नाही?"

"डोळ्यांत धूळ फेकू नकोस. या कामात केस पिकलेत माझे."

तोही गुरगुरला, मीही. हात हलवत घरी.

८ नोव्हेंबर

ठमी प्रोजेक्ट करायला मैत्रिणीकडे गेली होती. मैत्रिणीच्या आईने विचारलं, "अजून किती वेळ बसणार आहेस?" पोरगी घरी येऊन हे अगदी सहज सांगते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या घेऊनच येतो.

९ नोव्हेंबर

घेतला. तोच, टेबलावरचा. पिवळ्या स्क्रीनचं कारण पुढे करून भाव चांगलाच पाडला. दुकानदाराने शेवटी हात जोडले — "न्या काका. पण दोष स्क्रीनमध्ये नाही हां, आधीच सांगतो." हो हो, तुझ्या स्क्रीनमध्ये कसला दोष! येताना मनात शीळ घालत होतो.

ठमी जराशी फुगली, मग लगेच टाइप करायला बसली. ही दाराला टेकून बघत होती. "बरा आहे," म्हणाली. आवाज खोल गेलेला. विचारलं, काय होतंय? "काही नाही. दमलेय."

१० नोव्हेंबर

दुपारभर स्क्रीनचे रंग जुळवले. हिचा फोटो लावायचा, पिवळा कमी करायचा, निळा वाढवायचा, पुन्हा बघायचं. शेवटी झाले एकदाचे डोळे पांढरे! हुश्श.

ठमी म्हणाली, "बाबा, आता बाकीचं सगळं निळं दिसतंय."

"तुला काय कळतं त्यातलं!"

ही आज कामावर गेली नाही. पोटात दुखतंय म्हणे. ओवा... नको म्हणाली. काहीच नको म्हणते.

११ नोव्हेंबर

साखरपुड्याचे फोटो दिवसभर नीट केले. सगळे चेहरे निळसर येत होते, एकेकात पिवळा भरून ठीकठाक केले. मोठं काम. संध्याकाळी छापायला दिले.

१३ नोव्हेंबर

साखरपुड्यातल्या नवरीची आई तरातरा दारात. फोटो टेबलावर आपटले. "आमच्या अख्ख्या घराला कावीळ झालीय का हो?"

पाहिले. खरंच, एकजात सगळे पिवळे. नवरी, सासू, कडेवरचं पोर. नाक घासून माफी मागितली. पैसे नकोत म्हटलं.

मग सगळी जुळवाजुळव रद्द करून स्क्रीन दुकानात होती तशी केली. साखरपुड्याचे मूळ फोटो उघडले. एकेक चेहरा चांगला. कुणाचे डोळे पिवळे नाहीत. कोरं पान उघडलं. पांढरंशुभ्र.

हिचा फोटो उघडला.

हिला हाक मारली, "जरा खिडकीशी ये." आली, भिंतीला धरत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं मी तिच्या तोंडाकडे. फोटो कसला घेऊन बसलो होतो! बाई घरात होती माझी. समोर होती!

ठमी मागून म्हणाली, "बाबा, काय झालं?"

१५ नोव्हेंबर

दवाखाना. पोटात गाठ आहे, फार पसरलीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे? मला सांगता येईना. फोटोची तारीख सांगितली.

"इतके दिवस घरात कुणाला दिसलं नाही?"

दिसलं होतं ना. त्याच्यावरच तर मी भाव पाडून घेतला.