मी पाणी पाहिलं नव्हतं

बुधवार, १० एप्रिल १९८५. मुलुंड

२० जानेवारीच्या पानावर मी लिहिलंय, ‘विहीर पाहिली. पाणी भरपूर.’ हे चूक आहे. विहीर पाहिली, एवढंच खरं. पाणी पाहिलं नाही. विहिरीच्या तोंडावर बांबूच्या ताट्या टाकल्या होत्या. पाला पडू नये म्हणून, असं नंदूदादा म्हणाला. त्याने एक ताटी जराशी सरकवली आणि फटीतून दगड टाकला. डुबुक्. सगळे हसले, मीसुद्धा. आणि घरी येऊन ‘पाणी भरपूर’ लिहिलं.

पान फाडणार नाही. खाली दुरुस्ती केली, आजची तारीख घालून.

तिसरीपर्यंत नानांनी (वडिलांनी) मला घरीच शिकवलं. पाटीवर रोज दोन रकाने. पाहिलं. ऐकलं. एकदा ‘चाळीतला कुत्रा मेला’ असं मी पहिल्या रकान्यात लिहिलं. कुणी सांगितलं? शेजारच्या काकूंनी. ‘जा, बघून ये.’ गेले. कुत्रा झोपला होता.

शुक्रवार, १२ एप्रिल

एका शब्दाची एवढी काळजी का, तेही लिहून ठेवते.

मुरबाडच्या पुढची ती जमीन. नं.दा. (माझा आतेभाऊ, सगळं त्याच्याच डोक्यातलं) आणि आम्ही धरून सात घरं तिथे कायमची राहायला जाणार. मातीची घरं, आपलं पिकवायचं, आपलं खायचं, कंदिलावर राहायचं. १ मेची सुट्टी आहे, त्या दिवशी सामानासकट निघायचं. नानांचा राजीनामा लिहून तयार आहे, सोमवारी २९ला देणार. राहती जागा मालकाला परत. एकदा सोडली की पुन्हा मुलुंडात उभं राहायलाही कोनाडा मिळायचा नाही.

आणि जानेवारीत नानांनी माझं ते पान सातही घरांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. गुडघ्यामुळे ते स्वतः गेले नव्हते. इतर कोणी बिचकलं की नं.दा. अजून म्हणतो, ‘अरे, मंदाने डोळ्यांनी बघितलंय. ती खोटं लिहीत नाही.’

सगळ्यांत जास्त मलाच जायचंय. साकीनाक्याच्या ऑफिसला लागून कारखाना आहे, त्याचा पत्रा ठोकायचा प्रेस दिवसभर आदळतो. टाइप करताना माझी बोटं आता त्याच्या ठोक्यावर पडतात. हे कुणाला सांगितलेलं नाही.

रविवार, १४ एप्रिल

नं.दा. आला होता. विचारलंच.

‘दादा, एकदा विहिरीवर जाऊन येऊ या ना.’

‘आत्ता? भाजून निघशील गं. एक तारखेला जातोच आहोत की.’

‘पाणी बघायला.’

‘बघितलंयस ना तू!’

‘ऐकलं.’

‘वा! आता कोर्टात उभं कर मला.’

हसला. मग चहा न घेता गेला. आमच्याकडून तो चहा न घेता कधी गेल्याचं आठवत नाही. घाई असेल. एकदा संशय आला की सगळंच त्यात बसायला लागतं, हे मला कळतं. तरी लिहिलं.

बुधवार, १७ एप्रिल

त्या दिवसाचं आठवेल तेवढं. फक्त पाहिलेलं.

काठावर दोरी घासून पडलेला चर नव्हता. दोरी नव्हती, बादली नव्हती. पायवाट विहिरीपर्यंत येत नव्हती, आम्ही गवतातून गेलो.

आम्हाला प्यायला पाणी दिलं ते एका बाईने कळशीतून आणलं. ती वरून, टेकाडाकडून आली. विहीर खाली आहे. मी दोन पेले प्यायले आणि ‘किती गोड!’ म्हणाले. तिने विचारलं, ‘तुमी इथं ऱ्हायला येनार? बाया किती हायेत?’ मी मोजून सांगितलं, नऊ. तिने कळशीकडे बघून मान हलवली. मला वाटलं, चौकशी करतेय बिचारी.

एवढं असूनही पाणी असू शकतं. दगड पाण्यातच पडला होता. पण ते जानेवारीत. वैशाखात असतं का, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. सात घरं, सगळी नळाखाली वाढलेली.

रविवार, २१ एप्रिल

आधी आईला सांगितलं. कैरी किसत होती.

‘मला कुणी विचारलंय का जायचं ठरवताना? इथे तासभर का होईना, नळ येतो. पण आत्ता नको सांगूस. जेवू दे त्यांना.’

संध्याकाळी सांगितलं. नाना गॅलरीत नव्या कोयत्याला तेल लावत होते. रोज लावतात. अजून गवताची काडीही कापलेली नाही त्याने.

‘नाना, मी पाणी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकला.’

‘आला ना आवाज?’

‘हो.’

‘मग आहे.’

मी रकान्यांची आठवण दिली. कोयता फडक्यात गुंडाळत म्हणाले, ‘लहान होतीस तेव्हाचं ते.’

माझ्याकडे पाहिलं नाही. मला रागावले असते तर...

बुधवार, २४ एप्रिल

आमच्याबरोबर येणाऱ्या देसाईकाकूंकडे गेले, तळमजल्यावर. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘काय गं, घाबरलीस म्हणे? नंदू सांगत होता. शहर सुटत नाही का तुझं?’

म्हणजे तो माझ्या आधी फिरून आला. सगळ्यांकडे? विचारायचा धीर झाला नाही. मी तिथे जे सांगितलं तेही आता काकूंना अर्धंच ऐकू गेलं असेल.

पण त्याला माहीत असून तो लपवतोय, की तोही दगडाच्या आवाजावरच चाललाय? मुलंबाळं घेऊन तोही येतोच आहे.

आणि मी? घाबरले नाही, असं लिहिता येत नाही. जानेवारीत पाणी असावं असं वाटत होतं म्हणून मला ते दिसलं. आता नसावं असं वाटत असेल तर? मग हेही पान तसलंच.

शुक्रवार, २६ एप्रिल

कारखान्यातून एक मोठा लोखंडी नट मागून आणला. फोरमन म्हणाला, ‘काय, गळाला लावणार काय?’ वजनाला हवाय, म्हटलं.

घरी आले तर आई गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्या सोडून एकाला एक बांधत बसली होती. ‘पुरेल का बघ,’ एवढंच म्हणाली. ओले कपडे दारावर, खुर्च्यांवर. मी दर हातावर लाल दोऱ्याची खूण केली. तीस हात भरली.

नानांना सांगितलं, रविवारी जातेय. येता?

‘काम आहे.’

थोड्या वेळाने पेपरातून डोकं वर न काढता, ‘कल्याणहून एस.टी. कितीची?’

सहाची, म्हटलं. गुडघ्याला तेल चोळत बसलेत.

परवा, रविवार २८ एप्रिल. कल्याणहून सकाळी सहाची. सगळ्या ताट्या काढायच्या. आत वाकून बघायचं, मग दोरी सोडायची. दगड टाकायचा नाही.