शिट्टी आणि थाप

नामपूर, ता. ४ फेब्रुवारी १९९८

ट्रक काय फळ्यावर चालतो का रे? द्वारका चौकाजवळच्या ड्रायव्हिंग क्लासात बाकावर बसून ड्रायव्हर होणारा आपल्या घरात तू पहिलाच. पुंजा सगळ्यांना सांगत होता, माझा पुतण्या खडूने गिअर टाकतो. लोक पोट धरून हसले.

चि. योगेश यास आजीचे आशीर्वाद. तुझा काका कुणाच्या बाकावर शिकला नाय. क्लीनर होता, उस्तादाच्या लाथा खाल्ल्या, तेव्हा स्टेअरिंग हाती आलं. सध्याचा त्याचा क्लीनर पळालाय. क्लास सोड, गाडीवर ये. वर्षभर चाकं पूस, मग पुंजा गाडी हातात देईल. नाय आलास तर घरच्या गाडीला शिवू देणार नाय. तुझी आई वत्सला रडेल. तिला म्हणावं, रडणं पंचवटीतच उरकून घे.

चांगुणा आजी

पंचवटी, ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस योगेशचा सा. न. क्लासातला ट्रक विटांवर उभा असतो, हलत नाही, हे खरं. म्हणून येतो. पण सरांनी एक गोष्ट डोक्यात भरलीय. गाडीमागे जाताना शिट्टी वाजवायची, ती ऐकली की ड्रायव्हरने ब्रेक सोडायचा नाही. काकाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, शिट्टी पोलीस वाजवतो, आपण मागच्या फाळक्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आई नको म्हणते. पण मला खरा ट्रक चालवायचाय. माया पातळ करू नको.

तुझा योगेश

नामपूर, ता. ३ मार्च

चि. योगेश यास आशीर्वाद. तुझा पाय डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला, असं वत्सलाने कळवलं. मिठाने भरलेली गाडी कसारा घाटात चढावर थांबली, तू चाकामागे दगड लावायला उतरलास. घाबरलास तेव्हा हात थापेला गेला नाय, तोंड शिट्टीला गेलं. पुंजाला वाटलं, पोलीस गाडी पुढे घ्यायला सांगतोय. त्याने ब्रेक सोडला. चढावर गाडी आधी मागे सरकते, हे बाकावर कुणी सांगितलं नव्हतं?

आता पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला येतील. तू म्हणायचं, काकाला न सांगता मीच चाकाखाली शिरलो. शिट्टीचं नाव काढायचं नाय. पुंजाचं लायसन गेलं तर गाडी दारात गंजेल. तू आता तसाही ड्रायव्हर होत नाहीस. मी भेटायला येणार नाय. पुंजालाही येऊ देणार नाय, तुला बघून तो खरं बोलून बसेल.

माया हाय तशी राहू दे. हात शाबूत हायेत, तेव्हा उत्तर तूच लिही. वत्सलाने लिहिलेलं पाकीट मी न फोडता चुलीत घालीन.

चांगुणा आजी