उलटी ठेवलेली स्लाइड

मंगळवार, ९ मार्च

ती. दादास,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. आईच्या गुडघ्याचं वहिनीकडून कळलं. नवीन मलमाचा वास इतका आहे म्हणे की शेजारची मांजर यायची बंद झाली. तुला फोन दे म्हटलं तर तू अंघोळीला गेलेला. सतरा वर्षं मी फोन केला की तू अंघोळीला जातोस. इतका स्वच्छ माणूस आपल्या घरात दुसरा नाही. म्हणून पत्र लिहितेय.

आमची संस्था जागा बदलतेय. धक्क्यावरच्या दोन खोल्या सोडून मागच्या गोदामात जायचंय. कपाटं आवरायचं काम माझ्याकडे आलं. खिडकीपाशी स्टूल घेऊन बसले. जुने नकाशे, बुरशी धरलेली दुर्बीण, आणि तळाशी फोटोंच्या जुन्या स्लाइडचे डबे.

आम्ही काय करतो ते तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. समुद्र राखणाऱ्या संस्था जगभर आहेत. कुणी कासवांची अंडी सांभाळतं, कुणी प्रवाळ, कुणी किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचतं. आम्ही देवमाशांच्या शेपट्या ओळखतो. देवमासा बुडी मारताना शेपटी वर काढतो, आणि तिच्या खालचे पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. डागांचा फोटो एकमेकांना पाठवायचा, हा तुमच्याकडे दिसला का विचारायचं. जुळवणी आमचे मास्तर करतात. शाळेतून निवृत्त झाले आणि इथे फुकट येऊन बसले. पूर्वी वह्या तपासायचो, म्हणतात, त्यापेक्षा शेपट्यांचं अक्षर बरं.

गुरुवारी सकाळी एक स्लाइड उजेडाला धरली. बुडणारी शेपटी, तिच्याभोवती जाळ्याचा दोर, आणि अगदी कडेला तुझ्या बोटीचं नाक. त्यावरचा नंबर नीट वाचता येत होता. पांढरा मोठा डाग डावीकडे होता.

आमच्या नोंदीत तो उजवीकडे आहे.

तुला ते सगळं पाठ असेल, तरी लिहिते, कारण मला ते एकदा ओळीने लिहून बघायचंय. ती देवमाशीण तुझ्या जाळ्यात अडकली. आमचे फोटोवाले काका लाँच घेऊन लांबून पोचले, तेव्हा ती बुडी मारत होती आणि तुझी बोट शेजारी होती. त्यांना तुझ्या हातात सुरी दिसली नाही. पंधरा दिवसांनी दूर एका किनाऱ्यावर देवमासा मरून लागला. अंगावर जाळ्याचे तुकडे होते, शेपटी ओळखण्याजोगी उरली नव्हती. चौकशीत तू म्हणालास, मी जाळं कापलं, ती गेली. लोक हसले. नवं कोरं जाळं, पहिलीच खेप, ते कोण कापेल?

तरी आम्ही खात्री करायचं ठरवलं. काकांच्या त्या स्लाइडवरून, बोटीची कड झाकून, यंत्रावर फक्त शेपटीचा फोटो काढला, आणि अकरा संस्थांना विचारलं. अकराही जणांनी कळवलं, अशी शेपटी आमच्याकडे आली नाही. मग मेली ती हीच, असा अहवाल लिहिला गेला. तुझा परवाना गेला. तू बर्फाच्या कारखान्यात लागलास.

स्लाइडला दोन बाजू असतात, दादा. एक चकचकीत, एक खरबरीत. यंत्रात चकचकीत बाजू काचेला लावायची. खरबरीत लावली तर चित्र उलटं येतं, आरशात दिसतं तसं. कडेला अक्षरं असती तर कुणालाही कळलं असतं. कड झाकलेली होती.

मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी स्लाइड हातात घेतली, नोंदवही बघितली, परत स्लाइड बघितली. मग चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "बाई, सतरा वर्षं आपण जगाला न जन्मलेला देवमासा शोधायला लावला."

त्याच दुपारी सुलटा फोटो अकरा ठिकाणी गेला. शनिवारी पहिलं उत्तर आलं. थंड समुद्राकडची संस्था आहे, तिथे चार महिने खिडक्या उघडत नाहीत. त्यांनी लिहिलं, अहो, ही तर आमची आजीबाई. दर उन्हाळ्यात येते. गेल्या वर्षी पिल्लू घेऊन आली होती, ते धरून आम्ही तिची पाच पिल्लं पाहिली.

दादा, ती जिवंत आहे.

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. संचालकबाई, ज्या वाढदिवसालाही बैठक घेतात, त्यांनी मास्तरांना मिठी मारली. मास्तर म्हणाले, निवृत्त माणसाला असं करू नये. दुपारपर्यंत आणखी तीन ठिकाणांहून फोटो आले. एकात पिल्लू शेपटी वर काढायला बघतंय आणि आडवं पडतंय. तो फोटो आता आमच्या दारावर आहे. पोस्टमनही थांबून बघतो.

थंड समुद्रवाल्यांचं दुसरं पत्र सोमवारी आलं. सतरा वर्षांपूर्वी ती प्रथम दिसली तेव्हा शेपटीच्या बुंध्याला दोराचा एक फेरा राहिला होता. तो त्यांनी सोडवला आणि जपून ठेवला, कारण दोराची दोन्ही टोकं तिरकी, एका घावात कापलेली होती. ओढून तुटलेला दोर पिंजतो. त्यांच्याकडे नवी माणसं शिकायला येतात, त्यांना तो दोर पहिल्या दिवशी दाखवतात. खाली पाटी आहे: 'आमच्याआधी हिला कुणीतरी सोडवलं. अनोळखी मच्छीमार.' त्याचा पत्ता लागला तर जरूर कळवा, असं लिहिलंय.

मी कळवलं नाही अजून. आधी तुला विचारायचं होतं.

अहवाल दुरुस्त करून परवाना कचेरीला दिला. आधीचा अहवाल चुकीचा होता असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तिथले अधिकारी म्हणाले, नव्याने अर्ज करा, अडचण येणार नाही.

इथवर आनंदाचं लिहून झालं. पत्र इथे संपवलं असतं तर चाललं असतं.

स्लाइड यंत्रात मी ठेवली होती. मी तेव्हा नवी होते, त्या दिवशी चाळीस स्लाइड ठेवल्या, एकोणचाळीस बरोबर होत्या. ती चूक तू माफ करशील. पण अहवाल मसुद्यात होता तेव्हा संचालकबाईंनी मला विचारलं होतं, तो तुझा भाऊ आहे, तू त्याला ओळखतेस, तो खरं बोलत असेल का? आणि मला आठवलं की तू सुतळीचा तुकडासुद्धा खिशात घालून आणायचास. मी म्हटलं, नाही, तो जाळं कापणार नाही. अहवालाखाली तीन सह्या आहेत. तिसरी माझी. ती मी तुला कधी सांगितली नाही.

तुझी,
धाकटी


सोमवार, १५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीने मोठ्याने वाचलं, आईने दोनदा वाचायला लावलं. मग आई म्हणाली, पाच पोरं म्हणजे पुष्कळ झाली, तिला म्हणावं आता पुरे.

पिल्लाचा फोटो पाठव. मोठा. कारखान्यात लावायचाय. तिथे एकजण मला अजून 'देवमासा' म्हणून हाक मारतो.

जाळं काही लगेच कापलं नाही. आधी तिला शिव्या घातल्या. मग जाळ्याला. मग ती माझ्याकडे बघायला लागली, तिचा डोळा एवढासा असतो बघ, अंगाच्या मानाने काहीच नाही. मग कापलं. घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही, ते जाळ्याच्या दुःखाने. तेव्हा तू मला ओळखत नव्हतीस असं नाही. ओळखत होतीस. त्या दिवशी मीच जरा वेगळा वागलो.

पाटीवर नाव घाला म्हणावं. आई म्हणते, बोटीचा नंबरही.

तिसऱ्या सहीचं. अहवालाची प्रत मला तेव्हाच मिळाली होती. तुला सही करायला मी शिकवलंय, लहानपणी, शाळेच्या पाटीवर, शेवटचं अक्षर अजूनही लोंबतं सोडतेस. मला दिसणार नाही होय? राग आला होता. पुष्कळ आला होता. पुढे वाटलं, सांगेल कधीतरी. पण तू फोनवर दरवेळी गुडघ्याचंच विचारायचीस. मग मी अंघोळीला जायचो.

परवाना कचेरीतून अर्ज आणला. वयाच्या रकान्यात खरं वय लिहिलंय. बोट मिळेल न मिळेल, परवाना घरात असला म्हणजे झालं. सगळं भरून झालं, फक्त शेवटची ओळ राहिली. तिथे अर्जदाराला ओळखणाऱ्या माणसाची सही लागते. वहिनी करते म्हणाली. मी नको म्हटलं.

रविवारी ये आणि सही कर.

दादा