सर्वांत कमी पाणी वापरणारं घर

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून बिल्डिंगची पाणीबचत मोहीम. संयोजक मी. (मीच सुचवलं, अनुमोदनही मीच दिलं. बाकीचे घड्याळाकडे बघत होते.) दर रविवारी प्रत्येक घराच्या मीटरचं रीडिंग लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागणार. महिनाअखेरीस सर्वांत कमी पाणी वापरणाऱ्या घराचा सत्कार. पंधरा दिवसांत सगळी बिल्डिंग माझ्यामागे असेल.

६ मार्च
घरोघरी फिरलो. बँकवाल्यांनी दार उघडलं, साखळी काढली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी स्वतःच्या घरचं बघा. टोमणा नव्हता, सूचना होती. स्वीकारली.

९ मार्च
पहिलं रीडिंग. चोवीस घरांत आमचा नंबर बाविसावा. नाक कापलं गेलं! कारण शोधलं: ही. गुडघ्यांवर गरम पाणी घेते, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. त्याने बरं वाटतं म्हणते. उद्यापासून बाथरूमबाहेर स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. प्रेमाने.

११ मार्च
चार मिनिटं झाल्यावर दार वाजवलं. ही नळ बंद करून बाहेर आली. पटलेलं दिसतं.

१६ मार्च
आदर्श घालून द्यायचा तर घरापासून. बोर्डावर आमच्या रीडिंगपुढे लाल पेनने कारण लिहिलं: पत्नीचे गुडघे. सुधारणा चालू आहे. लोक थांबून वाचत होते, काही हसले. प्रतिसाद उत्तम. ही भाजी घेऊन लिफ्टपाशी आली, तिने वाचलं आणि जिन्याने वर गेली. चार मजले. वीजबचत तिची तिला सुचली!

१७ मार्च
ही लेकीकडे गेली. चार दिवसांसाठी. बॅग मोठी होती.

२३ मार्च
आम्ही सहावे! लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबा, आई इथे निवांत शेकते, कुणी दार वाजवत नाही. मी विचारलं, तुमच्या मीटरचं रीडिंग किती येतं? तिने फोन ठेवला. कामात असेल.

२६ मार्च
चार दिवसांचे नऊ झाले. मोहीम जोरात आहे. सकाळी सवयीने बाथरूमबाहेर जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी लक्षात आलं, आत कुणी नाही.

३० मार्च
पहिला नंबर!! सत्काराला सात जण आले. बँकवाले म्हणाले, एवढं कमी रीडिंग येईलच कसं, मीटर अडकलाय. म्हटलं, बोलवा प्लंबरला. कर नाही त्याला डर कशाला वगैरे मनात आलं, पण बोललो नाही. संयोजकाने संयम ठेवावा.

३१ मार्च, दुपारी
प्लंबरने सगळे नळ सोडून पाहिले. म्हणाला, मीटर ठणठणीत आहे. काका, घरात माणसंच नाहीत, पाणी वापरणार कोण?

बँकवाले चपला घालून मुकाट्याने गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

हिला फोन लावला. बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते, सात. एकही आठवला नाही. म्हटलं, ये, हवं तितकं पाणी घे. चुकलं माझं. मला घरात करमत नाही. ती म्हणाली, जेवताय ना वेळेवर? चार दिवस म्हटलं होतं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

मी बरं म्हटलं.