दम्याचे होले

४ फेब्रुवारी
आज दुपारी आत्लिस्कोला वहिनीच्या घरी पोचले. शिवणयंत्र बसच्या टपावरून सुखरूप उतरलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. भाऊ गेल्यापासून दोमितिला वहिनी इथे एकटी, मी तिकडे वेराक्रूसच्या बंदरावर एकटी. म्हटलं, दोन म्हाताऱ्या एका चुलीवर बऱ्या. तिनं दारातच सुनावलं, कूका, आलीस ते झकास केलंस, पण माझ्या मोलेच्या रश्शाला तिखट म्हणशील तर पुढच्या बसनं परत धाडीन! गच्चीवर भावाची साठ कबुतरं आहेत. दाणे टाकायला गेले तर एक थेट डोक्यावर येऊन बसलं. वहिनी हसून लोटपोट. म्हणाली, बघ, दादल्यानंच माझ्या पाठवलंय, बहीण ओळखायला.

१९ फेब्रुवारी
खुराडं झाडायचं काम मी मागून घेतलं. वहिनीच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, आणि मला आयतं बसून खाववत नाही. झाडताना पिसांची पांढरी भुकटी उडते, भाकरीच्या पिठासारखी हाताला चिकटते. घुमणं ऐकत काम बरं होतं.

११ मार्च
गेल्या आठवड्यासारखी पुन्हा कणकण. सकाळी झाडलोट, जेवणानंतर थंडी वाजते, छाती आवळते, कोरडा खोकला. दुसऱ्या सकाळी काही नाही. वहिनीनं बोगनवेलीच्या फुलांचा काढा मध घालून पाजला. म्हणते, तुम्ही बंदरावरची माणसं, आमची डोंगराची हवा तुम्हाला पचायची नाही.

२ मे
भाचीच्या लग्नासाठी दोन आठवडे वेराक्रूसला होते. खोकला नावाला नाही, चक्क नाचले! परवा परतले, काल खुराडं झाडलं, आणि आज जिन्यात मधेच बसावं लागलं.
वहिनीनं निदान केलं: दमा. त्यावर इथे सगळ्यांचा एकच उपाय. उशाशी होले ठेवायचे. पक्षी दुखणं स्वतःत ओढून घेतो. आमच्या आईनंही धाकट्या भावासाठी ठेवले होते. वहिनी बाजारातून चार पिंजरे घेऊन आली, घामाघूम. इतकी माया कोण करतं?

१७ जून
एक होला मेला. वहिनीनं टाळ्या पिटल्या, घेतलं गं बाई त्यानं तुझं दुखणं! आणि लगेच दोन नवे आणले. मी हसले. मग खोकले, ते संपेचना. बोटांची टोकं फुगल्यासारखी दिसतात. शिवताना घालायचं अंगुस्तान बोटात बसत नाही.

५ ऑगस्ट
प्वेब्लाच्या इस्पितळात एकटी जाऊन आले. डॉक्टरीण नातीच्या वयाची. म्हणाली, आजी, हा दमा नाही. पक्ष्यांच्या पिसांची, शिटेची धूळ तुमच्या फुप्फुसात जाते. ती विष नव्हे. तुमच्या वहिनी तिच्यातच जगल्या, त्यांना काही झालं नाही. पण तुमच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी तिला शत्रू ठरवलंय. धूळ आत आली की ते तुटून पडतात, आणि ती लढाई तुमच्याच फुप्फुसात होते. जिथे लढाई, तिथे वण. वणातून श्वास जात नाही. पक्षी आजच्या आज हलवा.
मी विचारलं, झालेले वण?
तिनं गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. म्हणाली, ते पुसता येत नाहीत.

९ ऑगस्ट
वहिनी आधी भांडली. त्या पोरीनं बुकं वाचली असतील, होला कधी उशाशी ठेवलाय का? मग रडली. तरी होले आणि भावाची साठच्या साठ कबुतरं परगावी देऊन टाकली. माझ्यासाठी. भिंतीसुद्धा धुतल्या.

२ ऑक्टोबर
पक्षी नाहीत. श्वासही नाही. डॉक्टरीण म्हणते, वण आता आपले आपण पसरतायत. गोळ्या चालू. चूल ते खाट, तीनदा थांबते.
वहिनी बोटं मोजून सांगते: होले होते तेव्हा जिना चढायचीस. होले गेले, अंथरूण धरलंस.
वाद घालायला दम नाही.

२१ ऑक्टोबर
एका शब्दाला एक श्वास. वाक्य परवडत नाही. लिहिते, त्याला आवाज लागत नाही—

३० ऑक्टोबर
वहिनी सकाळीच आली. तोंडभर हसू. मागे हमाल. आठ पिंजरे.
म्हणाली, चुकले गं, त्या पोरीचं ऐकलं, तुला उघडी टाकली. आता ही पाखरं नाही हलवायची, मी मेले तरी.
नको म्हणाले. खोकल्यात विरलं. ती म्हणे, संकोच कसला, घरचीच ना तू.
तिला अक्षर येत नाही. ठाऊक आहे. तरी पानभर लिहिलं: पक्षी बाहेर ने. दुसरं काय करू. तिनं वही उलटी धरली, डोळे पुसले. म्हणाली, मला थँक्यू लिहिलंस होय वेडे—
वाचणारी शेजारीण रविवारी येणार. आज गुरुवार.

३१ ऑक्टोबर
आठही फडफडतात. उन्हाच्या पट्ट्यात भुकटी. खाली येतेय. हळू.
तोंडावर पदर धरला. वहिनीनं काढला. गुदमरशील म्हणे.

दुपार
कणकण आली. वेळेवर. आतले पहारेकरी— जागे—
वहिनी पिंजरे खाटेवर ठेवतेय. जवळ. अजून जवळ.
खिडकीकडे बोट केलं. पुरती उघड म्हणून. तिला वाटलं, वारा लागतो. लावून घेतली.
आता दार लावायला निघाली— वहिनी दार नको, दा